पाणी द्यायच्या वेळी

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढे पाणी चढलं, गावं उठली. अशा वेळी मोबदला निघतो तो सातबाऱ्यावरच्या नावाने. मग एखाद्या घरात कळतं, एका भावाचं नाव चढायचं राहिलंय. राहिलं, की राहू दिलं? धुरा पाण्याखाली जातो, धुऱ्याचं भांडण मात्र वरच राहतं.

महाभारतात कुंतीनेही असंच एका भावाचं नाव पोटात ठेवलं होतं. युद्ध संपलं, गंगेकाठी तर्पण सुरू झालं, तेव्हा ती पांडवांना म्हणाली, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळलाच. त्याला राज्यही नकोसं झालं.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ कादंबरीत (1967) कर्णासोबत त्याचा धाकटा भाऊ शोणही बोलतो. रक्ताचा नव्हे, पण मला तोच सख्खा वाटतो.

कर्णाचं नातं लपवल्याचा दोष मात्र एकट्या कुंतीचा नाही. युद्धाआधी कर्णाला सगळं कळलं होतं, आणि त्यानेच कृष्णाला बजावलं होतं: युधिष्ठिराला सांगू नकोस, तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.