आजचं चिंतन : मांजरीचं पिल्लू आणि घराची किल्ली



आज चिंतनाला 'मार्जारकिशोर न्याय' घेऊ. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत शरणागतीवर मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणाला, भक्त माकडाच्या पिल्लासारखा असावा. आई उड्या मारते, पण तिच्या पोटाला घट्ट धरून राहायचं काम पिल्लाचं. दुसरा पक्ष म्हणाला, नाही, भक्त मांजरीच्या पिल्लासारखा. ते काहीच धरत नाही. आई त्याला तोंडात उचलून सुरक्षित जागी नेते. सगळा भार आईवर.

आपल्याला दुसरा न्याय फार आवडतो. 'देव बघून घेईल' म्हटलं की आपण मोकळे! पण या न्यायात दोन जागा आहेत. एक पिल्लाची, एक आईची. देवापुढे आपण पिल्लू, कबूल. मग घरातल्या मनीपुढे आपण कोण?

समजा, सायखेड्यात गोदाकाठी घर आहे. श्रावणात जोडून सुट्ट्या आल्यात, सगळे आठ दिवस निघालेत. मनी भित्री, बेल वाजली की दिवाणाखाली. 'रविवारी येतो गं' हे तिला कळणार नाही. आपण विरह सोसतो तो परतायची तारीख माहीत असते म्हणून. तिच्याकडे तारीखच नाही. अशा जिवाला 'खाणं भरून ठेवलंय, राहील ती' म्हणणं म्हणजे माकडाच्या पिल्लाचा नियम लावणं : तूच धरून राहा!

मग आईची जागा घ्यायची म्हणजे काय करायचं? भित्र्या मांजराला परक्या घरी नेण्यापेक्षा बहुतेकदा स्वतःचंच घर बरं. शेजारच्या काकूंना निघण्याआधी तीन-चार वेळा बोलवा, त्यांच्या हातून खाऊ घालू द्या. खाणं तेच, वेळ तीच, मातीचा ट्रे तिथेच. आपला एखादा न धुतलेला टी-शर्ट तिच्या अंथरुणात ठेवा. काकूंना सांगा, ओढून बाहेर काढू नका. नुसतं जवळ बसा, भांडं रिकामं होतंय का बघा. श्रावणातला उपास आपल्याला झेपतो, मांजराला नाही. एक-दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याचं लिव्हर बिघडू शकतं. म्हणून डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावा.

आणि सायखेड्यात आणखी एक विचार हवाच. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदेचं पाणी गावात शिरलं होतं. तशी वेळ आली तर मनी बाहेर येणार नाही, अजून आत सरकेल. तेव्हा तिची मर्जी विचारायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून, पिंजऱ्यात घालून उंचावरच्या घरी न्यायचं. ते घर कुणाचं, हे निघण्याआधीच ठरवा. पिंजरा माळ्यावरून खाली काढून ठेवा.

मांजर आईसुद्धा पिल्लाला दिवसभर तोंडात धरून फिरत नाही. साध्या भीतीत थांबायचं, खऱ्या संकटात उचलायचं. हा फरक ओळखणं हाच तिचा धर्म.

एवढं करणारं कुणी मिळालंच नाही तर? मग सहल छोटी करा, नाहीतर घरातलं एक जण मागे राहू द्या. मनी आभार मानणार नाही, तिला कळणारही नाही. निष्काम सेवा याहून वेगळी काय असते?

आजचा संकल्प : 'देव बघेल' म्हणण्याआधी, त्याने हे काम माझ्याकडेच सोपवलंय का, ते बघेन.

राम कृष्ण हरी!