आभाळाची गवाही

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस आणि रमजानचा चाँदही त्याच संध्याकाळी दिसला. नांदेडला आम्ही गच्चीवर एकमेकांना मुबारकबाद दिली आणि खाली आलो. थोड्या वेळाने मोबाईलवर व्हिडिओ येऊ लागले. विदर्भ-खानदेशाच्या आभाळातून जळते तुकडे रांगेने चालले होते. कोणी कयामतची निशाणी म्हणाले. मी 'उल्कापात' असे लिहून वीसेक जणांना तो व्हिडिओ पुढे धाडला.

ती उल्का नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे भलेमोठे कडे पडलेले सापडले. २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते, बहुधा पापणी लवेपर्यंत विझते. हे तुकडे तर संथपणे सरकत होते. कॅमेऱ्याने खरे तेच दाखवले होते. खोटे नाव मी दिले.

लातूरचा माझा भाचा आभाळाचे फोटो काढतो. ऑक्टोबर २०२४ मधल्या धूमकेतूची शेपटी मला जेमतेम पुसट दिसली, त्याच्या फोटोत ती लांबलचक होती. त्याला मी खोटे म्हणणार नाही. कॅमेरा दहा-पंधरा सेकंद उजेड साठवतो, आपल्या डोळ्याला ती सोय नाही. न दिसलेले सगळे खोटे असते तर चष्मेवाल्यांची पंचाईतच!

खटकला तो त्याचा डिसेंबर २०२३ चा फोटो. मिथुन राशीतून चहूकडे उल्का सुटलेल्या, जणू पाऊस. औशाच्या बाजूला माळावर रात्रभर कॅमेरा लावून शेकडो फोटो घेतले, उल्का असलेले तेवढे निवडले आणि एकावर एक बसवले. प्रत्येक रेघ खरी, पण त्या एकदम कधीच पडल्या नव्हत्या. पाहणारे विचारत, "इतक्या एकदम?" आणि हा नुसता हसे.

चाँदची गवाही द्यायला आलेल्याला मशिदीत विचारतात : स्वतः पाहिलास? कुठे उभा होतास? किती वाजता? आभाळ साफ होते? फोटोला असे विचारता येत नाही, म्हणून जबाब काढणाऱ्यानेच द्यायला हवा. नियत साफ असली तरी त्याचे मौन पाहणाऱ्याला फसवते. खाली एक ओळ लिहायला काय लागते?

हे मी त्याला फोनवर जरा चढ्या आवाजात ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "लिहितो, मामू. पण तुम्ही त्या व्हिडिओची दुरुस्ती धाडली होती का?"

नव्हती धाडली. त्या रात्री जुनी यादी शोधून एकेकाला लिहायला बसलो. वीसातले दोघे आता हयात नाहीत. त्यांच्या नावाखाली माझा तो 'उल्कापात' तसाच आहे.