हेतुनिवेदन आणि सत्य

परदेशीं विद्येस जाऊं इच्छिणारे तरुण आतां आपल्या मध्यमवर्गीय घरांतून पुष्कळच दिसतात, आणि त्यांतील कांहींचा ओढा सार्वजनिक धोरण या विषयाकडे असतो. राज्यकारभाराचे निर्णय कसे घ्यावेत व त्यांचे परिणाम कसे मोजावेत, हें शिकविणारें हें शास्त्र. हार्वर्ड विद्यापीठांत त्यासाठीं १९३६ सालीं स्वतंत्र विद्यालय निघालें. १९६६ पासून तें केनेडी यांच्या नांवानें चालतें. सिंगापूरचें ली क्वान यू विद्यालय २००४ चें, ऑक्सफर्डचें ब्लाव्हाटनिक विद्यालय २०१० चें. जागा थोड्या आणि अर्जदार जगभरचे, अशी सर्वत्र स्थिति. गुणपत्रिका व शिफारसपत्रें तर जोडावीं लागतातच. परंतु अर्जदारास स्वतःच्या तोंडानें बोलण्याची संधि मिळते ती एक-दोन पानांच्या हेतुनिवेदनांत. आपण कोण, आजवर काय केलें, आणि ही विद्या घेऊन पुढें काय करणार, हें त्यांत सांगावयाचें असतें.

आपल्या वळणाच्या घरांतील मुलास हें लिहिणें प्रथम जड जातें. स्वतःची स्तुति स्वतः करूं नये, हें त्यास लहानपणींच शिकविलेलें असतें. परंतु ही अडचण वरवरची आहे. केलेलें काम केलें म्हणून सांगणें ही आत्मप्रौढी नव्हे. खरी अडचण निराळी आहे. ती आमच्या ध्यानांत एका प्रसंगानें आली.

आमच्या स्नेह्यांचा मुलगा आपल्या निवेदनाचा कच्चा खर्डा आम्हांस दाखविण्यास घेऊन आला. त्याचा आरंभ मराठवाड्यांतील एका विधवेपासून होता. कर्जापायीं पतीनें जीव दिलेला, पदरीं दोन मुलें, कोरडी विहीर. तिचे डोळे पाहून त्याच क्षणीं आपण लोकसेवेचा निश्चय केला, असें त्यानें लिहिलें होतें. भाषा चांगली होती. आम्हीं विचारलें, "त्या बाईंचें नांव काय?" तो घुटमळला. एका पाहणीच्या कामांत दिवसाला वीस घरें करावयाचीं असत. त्यांतील तें एक. दहा मिनिटें बोलणें झालें असेल. नांव आठवत नव्हतें, आणि निश्चय तर त्या दिवशीं मुळींच झाला नव्हता. शेवटीं तो म्हणाला, "काका, सगळे असेंच लिहितात. आणि बाई कांहीं खोटी नाहीं."

या उत्तरांत तीन समर्थनें आहेत. तीं वेगळीं करून पाहूं. सगळे असें लिहितात, हें पहिलें. स्पर्धेंत एकट्यानें खरेपणा पाळला तर तो मागें पडेल, ही भीति निराधार नाहीं. पण हा युक्तिवाद पत्करला तर लांच देणारा कंत्राटदारही निर्दोष ठरतो. आणि तशा व्यवहारास आळा कसा घालावा हेंच शिकण्यासाठीं हा मुलगा निघाला आहे. दुसरें समर्थन, बाई खरी आहे. होय, परंतु तिच्या दुःखाचा आणि याच्या निश्चयाचा जोडलेला संबंध खोटा आहे, व निवड व्हावयाची ती त्या संबंधावर. तिसरें तो उघड बोलला नाहीं, पण त्याच्या मनांत तें असावें: प्रवेश मिळाला तर उद्यां अशा हजार बायांचें भलें करतां येईल. साध्य थोर आहे, म्हणून साधनाकडे काणाडोळा करावा!

या तिसऱ्या समर्थनास आम्ही सर्वांत अधिक भितों. धोरण ठरविणाराचा धंदाच असा आहे कीं ज्यांच्याविषयीं बोलावयाचें तीं माणसें खोलींत हजर नसतात. त्यांच्या वतीनें हा बोलतो, आणि त्यानें चुकीचें सांगितलें तर 'तसें नव्हतें हो' असें म्हणावयास तेथें कोणी नसतें. अशा गैरहजर माणसाचें दुःख आपल्या कामापुरतें घडवून वापरण्याची संवय प्रवेशाच्या पहिल्या कागदावरच लागली, तर ती पुढें अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यावर सुटेल, असें मानण्यास आधार काय? हेतुनिवेदन हा त्या विद्येचा दरवाजा आहेच. पण तें त्या विद्येचें पहिलें कामही आहे.

निवेदनाच्या शेवटीं बहुधा आणखी एक वाक्य असतें: शिक्षण संपवून मी स्वदेशीं परतेन. कांहीं शिष्यवृत्त्या तें केवळ वाक्य राहूं देत नाहींत. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीची अट आहे कीं विद्यार्थ्यानें परतून किमान दोन वर्षें स्वदेशीं राहावें. कर्ज काढून जाणारास अशी अट नसते, पण रुपयांतील पगारांत तें कर्ज फेडणें कठीण, म्हणून परतीचा बेत दरसाल पुढें ढकलला जातो. अशास आम्ही लबाड म्हणणार नाहीं. हेतु बदलूं शकतो. वचन मात्र मोडावें लागतें. म्हणून हेतु असेल तेथें हेतु म्हणावें, आणि वचन द्यावयाचें तर तें पाळण्याची किंमत आधीं मोजून द्यावें.

वचनाचा विचार करतांना आम्हांस डॉ. आंबेडकरांचें उदाहरण आठवतें. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. बदल्यांत दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ सालीं ते बडोद्यास रुजू झालेही. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास घर मिळेना, आणि नोकरी सोडून निघावें लागलें. कराराचें अक्षर तेथें मोडलें, व तें त्यांच्या दोषामुळें नव्हे. पण ज्या विद्येसाठीं करार झाला ती विद्या त्यांनीं कोणाच्या कामीं लाविली, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. वचन कागदावर संस्थेस दिलेलें असतें. त्याचा खरा धनको बहुधा दुसराच कोणी असतो.

त्या मुलास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं त्या घरांत खरोखर काय घडलें तें लिही. आठ दिवसांनीं तो दुसरा खर्डा घेऊन आला. त्यांत डोळे नव्हते, विहीर नव्हती. पाहणीच्या तक्त्यांत 'व्यवसाय' असा एक रकाना होता, आणि सातबाऱ्यावर नांव असेल त्यासच शेतकरी लिहावें अशी सूचना होती. जमीन सासऱ्याच्या नांवावर, कसणारी ही. त्यानें तिच्यापुढें 'गृहिणी' अशी खूण केली व पुढच्या घरीं गेला. अशा किती बाया आपल्याच हातून शेतांतून पुसल्या गेल्या, हें त्याला पुष्कळ महिन्यांनीं, आंकडे मांडतांना सुचलें. तक्ते कसे करावेत, हें शिकावयाचें आहे, असें त्यानें शेवटीं लिहिलें होतें. परतण्याविषयीं एकच ओळ होती, आणि तींत 'इच्छा' हा शब्द होता.

हा खर्डा पहिल्याइतका हृदयद्रावक नव्हता. त्यावर एका विद्यालयाचा नकार आला. दुसऱ्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. खरें लिहिल्यानें प्रवेश मिळतोच, असें सांगून आम्ही कोणास फसविणार नाहीं. परंतु त्या बाईंचें नांव शोधण्यासाठीं मुलगा आतां जुने तक्ते मागविण्याच्या खटपटींत आहे. अर्जासाठीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं, हें त्यास ठाऊक आहे.