कुलरचा हिशेब

पर्यावरणाच्या कार्यक्रमांना अकोल्यात बाहेरून वक्ते बोलावण्याची पद्धत आहे. यंदा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी ‘बदल घरापासून’ म्हणत घरगुती कार्बन घटवण्याच्या युक्त्या सांगितल्या : कापडी पिशवी न्या, खोलीतून उठताना दिवा मालवा, जुनं फेकू नका. सभागृहातली निम्मी मंडळी जुन्या शहरातली. जयहिंद चौकाच्या आसपास जुन्या साडीची गोधडी होते आणि रद्दी-भंगाराचा भाव घासाघीस करून ठरतो. या लोकांना काटकसर शिकवायची म्हणजे कमाल झाली.

कार्बनचं पाऊल मोजायची सवय जगाला कोणी लावली? 2004 च्या सुमारास एका तेल कंपनीने, ब्रिटिश पेट्रोलियमने. तेल विकायचं आणि पापाची वही गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची! भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकनामागे चौदाच्या आसपास. उपदेशाची यादी मात्र दोघांना एकच.

इथे मला जे. सी. कुमारप्पा आठवतात. विलायतेत शिकलेला हा हिशेबनीस 1934 नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहू लागला. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तिथलाच. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिलं. निसर्गात त्यांना दोन खाती दिसली : कोळसा-तेलासारखा उपसला की संपणारा साठा, आणि ऊन-वारा-पाण्यासारखा फिरून येणारा प्रवाह. घराने किती खर्चलं याच्याआधी कुठल्या खात्यातून खर्चलं हे ते विचारत. हवामानावर बोलणारे आपले विद्वान त्यांना गांधीवादी म्हणून कोपऱ्यात बसवतात. वाचत कोणी नाही.

त्यांची खतावणी अकोल्याच्या मे महिन्याला लावून पाहा. पारा 45 च्या वर. दीड टनाचा एसी रात्रीच्या आठ तासांत ढोबळमानाने दहा युनिट खातो. युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरला तर सात किलो कार्बन डायऑक्साइड, तोही बाळापूर तालुक्यातल्या पारससारख्या केंद्रांत कोळसा जाळून. दोनशे वॅटचा कुलर तेवढ्याच वेळात दीड युनिटाच्या आसपास थांबतो. नऊ वॅटचा एलईडी रात्रभर विसरला तरी युनिटाचा दहावा भागही होत नाही. वऱ्हाडची कोरडी हवा कुलरच्या ओल्या गवतातून आली की गार होते. हा प्रवाहाचा कारभार. मुंबईच्या दमट हवेत तो चालत नाही, म्हणून मुंबईहून आलेल्या यादीत कुलर नसतो.

एवढ्यावर मी वक्त्यांना निकालात काढणार होतो. पण कुलर पाणी पितो. टप दिवसातून दोनदा भरावा लागतो, आणि काटेपूर्णा धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं. पाणी नसलेला कुलर नुसती झळ फेकतो. मग ज्याला झेपतं तो हप्त्यावर एसी घेतो. त्यात पांढऱ्या मातीची धाब्याची घरं पाडून स्लॅब आले, दिवसभर तापून रात्री तीच धग खोलीत सोडणारे. तरी घराला करण्यासारखं काहीच नाही असं नाही. उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचे दोन हात मारणं आपल्याच हातात आहे, आणि ते एलईडीच्या पुण्यापेक्षा मोठं आहे.

उरलेलं मात्र घराबाहेरचं. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला वाहणाऱ्या शहराला पाण्याचं मोल सांगायला नको. महापालिकेच्या मतांसाठी दारी येणाऱ्याला एवढंच विचारा : मे महिन्यात नळ किती दिवसांनी सोडणार?