गड्यांची बिअर

बेल्जियममधल्या एनो प्रांतात एक शेतकरी होता. हिवाळ्यात शेतं गोठली, हाताला काम उरलं नाही, की तो चुलाणावर तांब्याची मोठी कढई चढवायचा आणि बार्लीच्या माल्टची बिअर करायचा. ती विकायची नसे. उन्हाळ्यात कापणीला येणाऱ्या गड्यांना मजुरीबरोबर ती द्यायची रीत होती. विहिरीच्या पाण्याचा भरवसा नव्हता, आणि उकळून केलेली ही हलकी बिअर दिवसभर प्यायली तरी हातातला विळा डळमळत नसे. उरलेला चोथा गुरं खायची.

एका हिवाळ्यात म्हातारा आजारी पडला. कढईपाशी मुलगा उभा राहिला. त्या वर्षी बिअरमध्ये टाकायच्या हॉप्सच्या फुलांना चांगला भाव होता. ‘गड्यांना फुकटच तर द्यायची,’ असं म्हणून त्यानं निम्मीच फुलं टाकली, बाकीची विकली. फेब्रुवारीत चव घेतली, तर दरवर्षीसारखीच. मुलगा खूश झाला.

जुलैत कापणी लागली. पहिलं पिंप उघडलं. सगळ्यांत वयस्क गड्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मान वळवून बांधाकडेला थुंकला. मग पेला बाहीनं पुसून उपडा ठेवला. बोलला काहीच नाही.

दुसरं पिंप आंबट, तिसरंही आंबट. गडी विहिरीचं पाणी पिऊ लागले. दोन दिवसांत निम्मे पोट धरून बसले, उरलेले शेजारच्या शेतावर गेले. मग पाऊस आला आणि उभा गहू आडवा झाला.

म्हातारा काठी टेकत आला.

“फुलं किती टाकलीस?”

“निम्मी, बाबा.”

“थंडीत कुठलीही बिअर टिकते रे. फुलं उन्हाळ्यासाठी असतात.”

पुढच्या हिवाळ्यात मुलानं फुलं मापून टाकली, वर एक मूठ जास्त.

विकायची असती, तर त्यानं काटकसर केली नसती. दुसऱ्याच्या वाट्याचं देताना हात आखडतो, हे काही एकट्या बेल्जियमचं नाही.

या बिअरला तिकडे ‘सेझाँ’ म्हणतात. एनोतल्याच तूर्प गावी एका शेतावर 1844 पासून बिअर होते. 1920 पासून ती भट्टी द्युपाँ घराण्याकडे आहे. तिथली सेझाँ आता 6.5 टक्के मद्यार्काची असते. ती पिऊन मात्र कुणी कापणीला जाऊ नये.