नादाला टप्पे असतात का?

नाद अखंड आणि आकडा तुटक, मग आकड्यांवर चालणाऱ्या यंत्रातून नादाची उपासना होईल का? भजनाला कोणी लॅपटॉपवरून सूर धरला आणि तो सूर लॅपटॉपला जोडलेल्या कंट्रोलरचा नॉब फिरवून लावू लागला, तर त्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या, 1983 साली आलेल्या मिडी पद्धतीत साध्या नॉबची फिरत 128 टप्प्यांत मोजतात. ते टप्पे एका सप्तकावर पसरले तर दोन टप्प्यांत साधारण साडेनऊ सेंटचं अंतर पडतं. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तयार कानाला याहून बारीक फरकही कळतो. तोच नॉब आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरसाठी दहा सप्तकांवर पसरला, की एकेक टप्पा जवळजवळ अर्ध्या स्वराएवढा होतो.

म्हणून आकडाच नादाचा वैरी, असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. मीमांसकांनी शब्द नित्य मानला हे खरं. पण नैयायिकांच्या मते शब्द क्षणात नष्ट होतो, जाताना पुढचा शब्द जन्माला घालतो, आणि अशा लाटांमागून लाटांनी तो कानापर्यंत येतो. म्हणजे अखंडपणा ऐकण्यात आहे, हा विचार आपल्याच दर्शनांत बसतो. नाट्यशास्त्रातही भरतमुनींनी दोन वीणा घेऊन श्रुतीचं अंतर दाखवलं ते कानाच्या साक्षीनं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायकीच्या आधारे बावीस श्रुतींची गणितं मांडली, 1910 साली पुस्तक काढलं, श्रुतींची पेटीही घडवून घेतली. ते काम मोठंच. तरी 1963 साली जैराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष सादरीकरणातले स्वर मोजले, तेव्हा एकच स्वर एका जागी स्थिर राहत नसल्याचं दिसलं. श्रुती मोजता येते. तिची त्या क्षणाची जागा मात्र वाजवणाऱ्यानं शोधायची असते.

जाड टप्प्यांचा दोष इथे आहे. सॉफ्टवेअर दोन टप्प्यांमधली वाट गुळगुळीत करून देतं, मग तक्रार कसली, असं कोणी विचारेल. वाट गुळगुळीत होते, मुक्काम मात्र त्या 128 जागांपैकीच एखाद्या जागी पडतो. तानपुऱ्याची खुंटी तारेला सुराजवळ आणते, उरलेलं काम खालचा मणी करतो, आणि तो कुठे थांबवायचा हे कानच ठरवतो. उपासना असते ती या शोधात. जाड नॉबवर थांबण्याची जागा यंत्र बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेली असते. कानाच्या पारखीहून टप्पे बारीक झाले, की ही अडचण संपते. मिडीतच 14 बिटांचे, म्हणजे 16,384 टप्प्यांचे संदेश आहेत. 2020 साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते 32 बिटांपर्यंत गेले. तेव्हा भजनासाठी असं यंत्र घेणाऱ्यांनी दुकानात आधी एकच करावं: षड्जाशेजारी पंचम लावून पाहावा, आणि कान म्हणेल तिथे नॉब थांबत नसेल तर ते यंत्र घेऊ नये.