अठराव्या वर्षाची रेघ

१८ वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी चोरी करणारा मुलगा भारतात बाल न्याय मंडळापुढे जातो. दोन दिवसांनी तशीच चोरी करणारा त्याचा समवयस्क मित्र प्रौढांच्या न्यायालयात उभा राहतो. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण माणसाचा नैतिक दोष असा एका रात्रीत पुरा होतो का, हा प्रश्न त्या रेघेने मिटत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात हा प्रश्न थेट न्यायाची देवता असलेल्या धर्मराजालाच विचारला गेला आहे. चोरांनी आश्रमात माल लपवला म्हणून राजाने अणीमांडव्य ऋषींना सुळावर चढवले. ही कशाची शिक्षा, असे त्यांनी धर्माला विचारले. लहानपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर आले. ऋषींनी धर्मालाच शाप दिला आणि चौदाव्या वर्षापर्यंत केलेले कृत्य पातक ठरणार नाही, अशी मर्यादा घातली. शापित धर्म पुढे विदुर म्हणून जन्मला. ऋषी इथे दयेची याचना करत नाहीत. वय न पाहणारा न्यायाधीशच अपराधी ठरतो, हे या कथेचे सामर्थ्य आहे. स्मृतींनी सोळा वर्षांखालील व्यक्तीला अर्धे प्रायश्चित्त सांगितले. म्हणजे आधी दोषच नाही, मग अर्धा, मग पूर्ण, अशी ही चढण होती.

तरुणांना सौम्य वागणूक देण्यासाठी दोन कारणे पुढे केली जातात. पहिले असे की, आवेग आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, म्हणून दोष कमी. हे खरे असले तरी अपुरे आहे. १९ वर्षांच्या मुलाने भोसकले म्हणून जखम उथळ होत नाही, आणि तोच मुलगा मतदानही करतो. दुसरे कारण अधिक भक्कम आहे. या वयातले कृत्य त्याचेच असते, पण त्यावरून तो कायमचा कसा माणूस आहे, हे ठरवता येत नाही.

मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील अंगुलिमाल सुत्तात हाच भेद दिसतो. त्यावरील अट्ठकथेनुसार, म्हणजे पाली टीकेनुसार, अंगुलिमाल तक्षशिलेत शिकणारा तरुण होता. पुढे तो अनेकांचा मारेकरी झाला. तो भिक्षू झाल्यावर, त्याला पकडायला निघालेल्या प्रसेनजित राजाने त्याला चीवर व भिक्षा देऊ केली. तरीही भिक्षेला गेल्यावर लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, आणि बुद्धांनी त्याला ते सोसायला सांगितले. कर्माचे फळ टळले नाही, पण बदलण्याची वाटही बंद झाली नाही. उत्तरदायित्व आणि भविष्य यांची अशी सांगड घालणे हीच तरुण अपराध्याच्या न्यायाची खरी कसोटी मानायला हवी.

भारतीय कायद्यात या कसोटीचा अंश आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमाचे कलम ६ सांगते की, २१ वर्षांखालील दोषीला, जन्मठेपेस पात्र गुन्हे सोडून, शक्यतो तुरुंगात पाठवू नये. पाठवायचे तर न्यायालयाने कारणे नोंदवावीत आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा. वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या तरुणाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही कलम १२ नुसार लागत नाही. जर्मनीत १९५३ पासून १८ ते २१ वयाच्या आरोपीची परिपक्वता पाहून त्याला किशोरांचा कायदा लावता येतो. याउलट २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने १६ ते १८ वयाच्या मुलांवर अघोर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली.

कलम ६ लागू होते ते दोष सिद्ध झाल्यावर. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी मात्र कच्चे कैदी आहेत. जामीनदार न मिळालेला १९ वर्षांचा मुलगा निकालापूर्वीच महिनोन्‌महिने सराईतांच्या सहवासात काढतो. त्यामुळे परिवीक्षा अधिकारी, वकील आणि समुपदेशक त्याच्यापर्यंत पोहोचायला हवेत ते जामिनाच्या पहिल्या सुनावणीलाच.